बॅटरीचा लाल दिवा पेटला? नवी बॅटरी घेण्याआधी हे तपासा

डॅशबोर्डवर बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा पेटला की बहुतेक लोक गाडी सरळ बॅटरीच्या दुकानात नेतात. दुकानदार मीटर लावतो, बॅटरी उतरलेली दिसते, नवी बसते. गाडी झटकन चालू होते, पण दिवा काही विझत नाही. मग एक-दोन दिवसांत ती नवी कोरी बॅटरीसुद्धा उतरते आणि गाडी पार्किंगमध्ये मुकी उभी राहते. घरच्या आणि शेजारपाजारच्या गाड्यांपायी मी हे इतक्यांदा पाहिलंय की पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्यांसाठी सगळा क्रम एकदा नीट लिहून ठेवावा असं वाटलं.

दिव्यावर चित्र बॅटरीचं असलं तरी तो दिवा सांगतो चार्जिंगबद्दल. इंजिन सुरू झाल्यावर गाडीची सगळी वीज ऑल्टरनेटर पुरवतो आणि उरलेल्या विजेवर बॅटरी भरतो. (गॅरेजमध्ये त्याला सगळे डायनामो म्हणतात, इथेही तेच म्हणू.) बॅटरी गच्चीवरची टाकी, तर डायनामो खालचा पंप. लाल दिवा म्हणजे पंपाचं पाणी वर चढत नाही असा निरोप. टाकी बदलून तो प्रश्न सुटत नाही.

पंप बंद पडण्याची कारणं मात्र बरीच आहेत. काही फुकटात सुटतात, काही शे-दोनशे रुपयांत, आणि काहींसाठी डायनामो उतरवावा लागतो. म्हणून खालचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे लावलाय. तो मोडू नका.

१. रस्त्यात असाल तर आधी हे

चालत्या गाडीत दिवा पेटला तर लगेच आणखी दोन गोष्टी बघा: तापमानाचा काटा आणि स्टिअरिंग.

डायनामो इंजिनच्या पुढच्या बेल्टवर फिरतो. बऱ्याच गाड्यांत तोच बेल्ट वॉटर पंपही फिरवतो, आणि जुन्या हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगच्या गाड्यांत स्टिअरिंगचा पंपसुद्धा. त्यामुळे लाल दिव्याबरोबर तापमान चढत असेल किंवा स्टिअरिंग एकदम जड झालं असेल, तर बेल्ट तुटलाय असं धरून चाला. गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ म्हणाल तर हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) जाईल, आणि तो खर्च डायनामोच्या कितीतरी पट असतो.

बोलेरो, सुमोसारख्या जुन्या डिझेल गाड्या चालवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. या गाड्यांत ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम पंप डायनामोच्याच पाठीवर बसवलेला असतो. बेल्ट गेला की चार्जिंगबरोबर ब्रेकची मदतही जाते. ब्रेक लागतो, पण पाय जीव खाऊन दाबावा लागतो. घाट उतरताना दिवा पेटला तर खालच्या गिअरमध्ये या आणि मिळेल त्या पहिल्या सपाट जागी थांबा.

तापमान ठीक आणि स्टिअरिंग हलकं असेल, तर गाडी आता फक्त बॅटरीवर चालतेय. किती वेळ चालेल? लहान पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-अवरची असते. ५५ वॉटचे दोन हेडलाइट म्हणजे ११० वॉट; १२ व्होल्टने भागलं की नऊ अँपिअरच्या वर. ब्लोअर पूर्ण वेगात जवळपास तेवढेच खातो, रेडिएटरचा पंखाही तसाच. शिवाय फ्युएल पंप, इग्निशन, कॉम्प्युटर आहेतच. आणि बॅटरी शून्यापर्यंत वापरताही येत नाही. व्होल्टेज एका मर्यादेखाली गेलं की इंजिन आधीच बंद पडतं. दिवसा सगळं बंद ठेवून तासभर मिळेल, रात्री पावसात वायपर आणि हेडलाइट चालू असतील तर त्याच्या निम्माही भरवसा धरू नका.

एसी, ब्लोअर, म्युझिक, मागच्या काचेचा हीटर, मोबाइलचा चार्जर हे सगळं बंद करा. रात्री हेडलाइट मात्र बंद करू नका. बॅटरी वाचवायला अंधारात गाडी चालवू नये, थांबावं. मुक्कामाला पोहोचेपर्यंत इंजिन बंद करू नका, कारण पुन्हा सेल्फ मारायला शंभराहून जास्त अँपिअर लागतात आणि तेवढे बॅटरीत उरलेले नसतात. राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर १०३३ ही हेल्पलाइन आहे.

इथे नवखे लोक हमखास गोंधळतात. व्होल्टेज खाली आलं की एकेक करून एबीएसचा दिवा, इलेक्ट्रिक स्टिअरिंगचा दिवा, एअरबॅगचा दिवा असे पेटत जातात. सगळी गाडीच बिघडली असं वाटतं. तसं नसतं, बहुतेक वेळा हे दिवे भुकेल्या कॉम्प्युटरचे असतात आणि चार्जिंग दुरुस्त झालं की आपोआप जातात. त्या दिव्यांसाठी सेन्सर बदलायला कोणी सांगितलं तर आधी चार्जिंग करून घ्या म्हणावं.

२. काय जवळ ठेवायचं

- डिजिटल मल्टिमीटर. दोन-अडीचशेचा साधासुद्धा चालतो. गाडी बाळगणाऱ्याकडे तो असावाच, असं माझं ठाम मत आहे.
- दहाचा आणि बाराचा पाना, टॉर्च, जुना टूथब्रश, खाण्याचा सोडा, पेट्रोलियम जेली.
- वही-पेन. प्रत्येक रीडिंग लिहायचंय, लक्षात ठेवायचं नाही.
- सेल्फ मारायला आणि ॲक्सिलरेटर धरायला एक माणूस.
- गाडीचं मॅन्युअल. फ्यूज कुठला कशाचा, हे त्यातच सापडतं.
- बॅटरीचं वॉरंटी कार्ड आणि बिल. ‘२४ + २४’ असं लिहिलेलं असेल तर पहिल्या २४ महिन्यांत बॅटरी खराब निघाल्यास फुकट बदलून मिळते, पुढच्या २४ महिन्यांत नव्या बॅटरीवर सवलत मिळते. बिल नसेल तर दुकानदार हात वर करतो.
- विम्याची पॉलिसी. तिच्यात रोडसाइड असिस्टन्स घेतलं असेल तर टोइंगचे पैसे वाचतात. आहे की नाही, हे आजच बघून ठेवा.

काम करताना ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी, मोकळे केस बेल्टपासून लांब. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही कधीही सुरू होऊ शकतो.

३. दिवा नेमका कधी पेटतो?

चावी ‘ऑन’वर आणा, इंजिन चालू करू नका. लाल दिवा पेटायलाच हवा. इंजिन सुरू झालं की तो एक-दोन सेकंदांत विझायला हवा. ही त्याची निरोगी वागणूक.

चावी ऑन केल्यावर दिवा पेटतच नसेल तर त्यात आनंद मानू नका. जुन्या गाड्यांत त्याच दिव्यातून जाणारा थोडासा करंट डायनामोला जागं करतो. बल्ब उडाला की डायनामो झोपलेलाच राहतो आणि दिवा नसल्यामुळे तुम्हाला पत्ताही लागत नाही. वापरलेली गाडी घेताना ही तपासणी तर कराच, कारण चार्जिंगचा बिघाड झाकायला बल्ब काढून ठेवणारे महाभाग असतात.

दिवा फक्त आयडलिंगला पेटत असेल आणि रेस दिली की विझत असेल, तर बेल्ट सैल आहे किंवा डायनामोतले कार्बन (फिरत्या भागाला टेकून वीज पोचवणारे छोटे ठोकळे) झिजत आलेत. पाऊस पडला किंवा खोल पाण्यातून गाडी गेली की पेटतो आणि काही वेळाने जातो, तर ओला बेल्ट घसरतोय. खड्ड्यात आदळल्यावर लुकलुकत असेल तर एखादं कनेक्शन ढिलं आहे. दिवा अर्धवट, मंद पेटलेला दिसला तर डायोड (एसी विजेची डीसी करणारे भाग) किंवा मुख्य वायरवर संशय घ्या. इंजिन सुरू झाल्यापासून सतत लख्ख पेटलेला असेल तर डायनामो काहीच देत नाही, असं बहुधा निघतं.

जे दिसेल ते वहीत लिहा. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेल्यावर ‘लाइट लागतेय’ एवढं सांगण्यापेक्षा ‘आयडलिंगला लागते, दोन हजार आरपीएमवर जाते’ असं सांगितलं तर त्याचा अर्धा तास आणि तुमचे पैसे वाचतात.

४. बेल्ट

इंजिन बंद, चावी खिशात. टॉर्च मारून बेल्ट पूर्ण बघा. आतल्या खाचांत आडव्या भेगा, निघालेले तुकडे, काचेसारखी चकाकी किंवा तेल दिसलं तर बेल्ट बदलायची वेळ झाली.

मग दोन पुलींमधल्या सर्वांत लांब भागावर अंगठ्याने जोरात दाबा. सेंटिमीटरच्या आसपास दबला तर ठीक. त्याहून बराच आत गेला तर सैल. नेमका आकडा प्रत्येक गाडीचा वेगळा असतो, मॅन्युअलमध्ये बघा. ऑटोमॅटिक टेन्शनर (बेल्ट आपोआप ताणून धरणारी पुली) असलेल्या गाड्यांत टेन्शनर गाडी चालू असताना थडथडतोय का, ते लांबूनच बघा.

सकाळी गाडी सुरू करताना ‘चीं’ असा आवाज येऊन थांबत असेल तर बेल्ट घसरतोय. त्यावर साबण घासून देणारे मेकॅनिक अजून आहेत. आवाज बंद होतो, घसरणं बंद होत नाही. साबण नको म्हणून सांगा. उलट बाजूची चूक म्हणजे बेल्ट तारेसारखा ताणणं. त्याने डायनामोचं आणि वॉटर पंपाचं बेअरिंग जातं.

५. टर्मिनल, अर्थ आणि मेन फ्यूज

टर्मिनल हाताने फिरवून बघा. अजिबात हलता कामा नये. पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर ती काढा. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत, मालवण-रत्नागिरीकडे, ती फार लवकर येते. कोमट पाण्यात सोडा कालवून ओता, फसफसू द्या, ब्रशने घासा, कोरडं करा, घट्ट बसवा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. टर्मिनल काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी. हा नियम कधीच मोडायचा नाही, कारण प्लस सोडवताना पाना बॉडीला टेकला आणि मायनस लागलेली असली तर सरळ शॉर्ट होतो.

मायनसची जाड केबल (अर्थ) बॉडीला आणि गिअरबॉक्सला जिथे लागते तिथे गंज बघा. वरून वायर चकचकीत आणि लगच्या (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) खाली गंज, हे अगदी नेहमीचं.

प्लस टर्मिनलवर किंवा जवळच्या डबीत मोठा मेन फ्यूज असतो, त्यावर ८०, १०० असा आकडा असतो. कोणी जंपर केबल उलटी लावली असेल तर हा उडतो, आणि बहुतेकदा डायनामोतले डायोडही जातात. पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही इथेच शोधायच्या. इंजिनची ऊब त्यांना आवडते.

पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी असेल तर इथेच थांबा. चिपळूणला २०२१ च्या जुलैत आला तसा पूर गाडीवरून गेला की डायनामोत गाळ शिरतो, बेअरिंग आणि कार्बन दोन्ही खातो. तो खोलून धुऊन वाळवल्याशिवाय इंजिनला हात लावू नका.

६. आता मीटर

मीटर डीसी व्होल्टच्या २० रेंजवर. लाल टोक बॅटरीच्या प्लसवर, काळं मायनसवर. टोकं शिशाच्या खांबावर टेकवा, वरच्या क्लॅम्पवर नको. चार रीडिंग घ्यायची.

पहिलं, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सगळं बंद. भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्टचे. म्हणून रात्रभर चार्जरवर ठेवूनही बॅटरी १०.५ च्या पुढे जात नसेल तर एक सेल मेलाय, आणि तेव्हा खरोखर नवी बॅटरी लागते.

दुसरं, सेल्फ मारताना. साथीदाराला चावी फिरवायला सांगा, तुम्ही आकड्यावर डोळा ठेवा. ९.६ च्या खाली पडायला नको. भरलेल्या बॅटरीचंही पडत असेल तर बॅटरी म्हातारी झालीय.

तिसरं, इंजिन आयडलिंगला, सगळे लोड बंद. १३.८ ते १४.५ यायला हवं.

चौथं, रेस दोन हजारावर धरून हेडलाइट आणि ब्लोअर चालू. १३.५ च्या खाली जायला नको.

आता वहीतले आकडे वाचा. तिसरं रीडिंग पहिल्याइतकंच किंवा कमी असेल आणि हळूहळू घसरत असेल तर चार्जिंग बंद आहे. तिसरं चांगलं पण चौथं पडतंय, तर डायनामो अर्धवट काम करतोय: बेल्ट, कार्बन किंवा एखादा डायोड. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर (व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा भाग) गेलाय. बॅटरी उकळते, सडक्या अंड्यासारखा वास येतो, बल्ब उडतात. असा वास आला तर ठिणगी आणि सिगारेट लांब ठेवा, कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो. गाडी अजिबात चालवू नका. आणि तिसरं-चौथं दोन्ही उत्तम असूनही दिवा पेटलेला असेल तर थेट मुद्दा ९ कडे जा.

अलीकडच्या गाड्यांबद्दल एक सूचना. मारुतीने २०१५ मध्ये सियाझबरोबर आणलेल्या एसएचव्हीएससारख्या (माइल्ड हायब्रिड) यंत्रणेत आणि इतरही बऱ्याच नव्या गाड्यांत चार्जिंग कॉम्प्युटर ठरवतो. बॅटरी भरलेली असेल तर तो मुद्दाम व्होल्टेज खाली ठेवतो. तिथे १२.८ दिसलं म्हणून डायनामो गेला असं समजू नका. हेडलाइट लावा, ब्लोअर वाढवा, काही मिनिटं थांबा. आकडा चढला तर सगळं ठीक आहे. विजेवरच्या गाडीत तर डायनामोच नसतो, तिथे १२ व्होल्टची बॅटरी कन्व्हर्टर भरतो. त्या गाडीचा हा दिवा पेटला तर काही न उघडता सर्व्हिस सेंटर गाठा.

७. ही ‘टेस्ट’ कोणालाही करू देऊ नका

काही जुने मेकॅनिक इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल उपसून काढतात. गाडी बंद पडली तर डायनामो खराब, चालू राहिली तर चांगला, असा त्यांचा हिशोब. कार्ब्युरेटरच्या जमान्यात ते खपून जायचं. आज बॅटरी अचानक सुटली की डायनामोचं व्होल्टेज क्षणभर कितीतरी पटीने उसळतं. तो फटका झेलायला आता समोर इंजिनचा कॉम्प्युटर (ईसीएम), एअरबॅगचं मॉड्यूल आणि डायनामोचा स्वतःचा रेग्युलेटर असतो. शंभर रुपयांच्या कामासाठी काही हजारांचा ईसीएम जाऊ शकतो.

समोरचा माणूस वयाने मोठा असेल, वर्षानुवर्षांचा ओळखीचा असेल, तरी बॉनेटवर हात ठेवून म्हणा, ‘काका, टर्मिनल नका काढू, मी मीटरने बघितलंय, हे घ्या आकडे.’ वहीतली चार रीडिंग इथे उपयोगी पडतात. नीट काम जाणणारा माणूस ती वाचतो आणि पुढचा प्रश्न विचारतो. जो वही बाजूला सारून टर्मिनलकडे हात नेतो, त्याच्याकडून गाडी परत घ्या.

दुसरा सापळा धक्का स्टार्ट किंवा जंपरचा. ठार उतरलेली बॅटरी जंपरने चालू करून ‘शंभर किलोमीटर मारा, भरेल’ असा सल्ला मिळतो. डायनामो बॅटरी भरलेली ठेवायला बनलाय, रिकामी बॅटरी शून्यातून भरायला नाही. तो तास न् तास पूर्ण ताकदीने तापत राहतो. उतरलेली बॅटरी आधी चार्जरवर भरा, मगच वरची रीडिंग घ्या. नाहीतर उतरलेली बॅटरीच व्होल्टेज खाली ओढते आणि चांगला डायनामो खराब ठरतो.

८. वायरीत व्होल्ट मरतायत का?

ही तपासणी फार थोड्या दुकानांत होते, म्हणूनच स्वतः करा. इंजिन दोन हजारावर, हेडलाइट-ब्लोअर चालू. मीटरचं लाल टोक डायनामोच्या मागच्या जाड वायरीच्या नटावर, काळं टोक बॅटरीच्या प्लस खांबावर. ०.३ व्होल्टपेक्षा कमी दिसायला हवं. मग लाल टोक डायनामोच्या उघड्या बॉडीवर आणि काळं बॅटरीच्या मायनसवर, इथे ०.२ पेक्षा कमी.

जास्त आलं तर डायनामो वीज बनवतोय, पण ती वाटेतच जळतेय. ५० अँपिअर जात असताना एका जोडावर अर्धा व्होल्ट पडला, तर त्या एवढ्याशा लगवर २५ वॉटची उष्णता तयार होते. जवळून बघितलं की कळतं: वायरीचं प्लास्टिक लगपाशी तपकिरी होऊन कडक झालेलं असतं, आणि तांब्याच्या तारा काळवंडलेल्या. नवा लग दाबून बसवला की काम झालं.

तो मागचा नट थेट बॅटरीला जोडलेला असतो, चावी बंद असली तरी त्यात वीज असते. पाना लावण्याआधी बॅटरीची मायनस काढा.

९. डायोड आणि दिव्याची वायर

डायनामोत तयार होणारी वीज मुळात एसी असते. डायोडची प्लेट तिला डीसी करते. एखादा डायोड गेला की थोडी एसी बॅटरीपर्यंत गळते. इंजिन चालू, लोड चालू, मीटर एसी व्होल्टवर, टोकं बॅटरीवर. अर्ध्या व्होल्टच्या वर आलं तर डायोड खराब.

पण त्याआधी इंजिन बंद ठेवून त्याच रेंजवर बॅटरीला मीटर लावा. शून्य यायला हवं. अगदी स्वस्त मीटर डीसीलाच एसी समजून वीस-पंचवीस व्होल्ट दाखवतात. तुमचा तसा असेल तर हे रीडिंग सोडून द्या आणि इलेक्ट्रिशियनच्या मीटरवर करून घ्या.

शॉर्ट झालेल्या डायोडची आणखी एक खूण आहे. गाडी रात्रभर उभी राहून सकाळी बॅटरी उतरते, आणि थंड इंजिनवर डायनामो मात्र किंचित कोमट लागतो.

चार्जिंग व्यवस्थित असूनही दिवा जात नसेल तर डायनामोच्या मागचा छोटा प्लग काढा आणि चावी ऑन करा. साध्या, जुन्या गाडीत दिवा विझायला हवा. तरी पेटलेलाच राहिला तर त्या पातळ वायरीचं आवरण कुठेतरी खरचटून ती बॉडीला लागतेय. विझला तर दोष डायनामोच्या आतल्या रेग्युलेटरमध्ये. कॉम्प्युटरने चालणाऱ्या चार्जिंगच्या गाड्यांत हे करू नका, तिथे स्कॅनर लावून कोड वाचणं बरं.

१०. डायनामो उतरवायची वेळ आली तर

‘सेल्फ-डायनामो रिपेअर’ अशी पाटी असलेलं दुकान शोधा. बॅटरी विकणारं नको. उतरवलेला डायनामो टेबलावर फिरवून दाखवायला सांगा, आणि तो तुमच्यासमोर उघडायला सांगा.

आमच्या घरच्या जुन्या डिझेल गाडीला एका दुकानाने नवी बॅटरी सुचवली होती. दुसरीकडे डायनामो उघडला, तर आत कार्बनची भुकटी आणि इंजिन ऑइल मिळून काळा लगदा झालेला. पाठीवरच्या व्हॅक्यूम पंपाचं सील गळत होतं. कार्बन त्यांच्या खोबणीत चिकटून बसले होते, स्लिप रिंगला (ज्या फिरत्या कडीवर कार्बन घासतात तिला) टेकतच नव्हते. फक्त कार्बन बदलले असते तर पुन्हा तेच झालं असतं. सील, कार्बन आणि साफसफाई एवढ्यावर भागलं. तुमच्या गाडीत पंप डायनामोवर असेल तर ‘सील बघितलं का?’ हे आवर्जून विचारा.

बहुतेक वेळा जातात ते कार्बन, रेग्युलेटर, डायोड प्लेट आणि बेअरिंग, आणि चारही सुटे मिळतात. स्लिप रिंगवर खोल चर पडला असेल तर नुसते नवे कार्बन टिकत नाहीत. वायंडिंग (आतलं तारेचं वेटोळं) जळलं असेल तर करपलेला वास येतो आणि वार्निश काळं दिसतं. तेव्हा पूर्ण डायनामो बदलणं परवडतं. घेताना लेबलवरचे अँपिअर जुन्याइतकेच आहेत का बघा. पुलीच्या खाचाही मोजा. काही डिझेल गाड्यांची पुली एकाच दिशेने धरते आणि उलट मोकळी फिरते, तिच्या जागी साधी पुली बसवून घेऊ नका.

काढलेले जुने भाग परत मागा, आणि बिलावर भागांची नावं व वॉरंटी लिहून घ्या. नुसतं ‘डायनामो काम’ असं लिहिलेलं बिल पुढच्या वेळी काही उपयोगाचं नसतं.

११. दुकानातून निघण्याआधी

चावी ऑनला दिवा पेटतो आणि इंजिन सुरू झाल्यावर जातो, हे बघा. मग तिसरं आणि चौथं रीडिंग तिथेच, त्यांच्यासमोर पुन्हा घ्या आणि तारीख व किलोमीटर टाकून वहीत लिहा. बेल्टचा ताण अंगठ्याने बघा. घरी आल्यावर बॅटरी रात्रभर चार्जरवर लावा, आणि दुसऱ्या दिवशी गाडी काही तास उभी राहिल्यावर पहिलं रीडिंग घ्या.

दिवा गेला, चार्जिंग उत्तम, तरी दोन-तीन दिवस उभी राहिलेली गाडी सुरू होत नसेल, तर काहीतरी गुपचूप वीज खातंय. बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टिम, जीपीएस ट्रॅकर, डॅशकॅम हे पहिले संशयित. मायनस टर्मिनल काढून मीटरचं लाल टोक १० अँपिअरच्या खोबणीत लावून तो सुटलेली केबल आणि मायनस खांब यांच्या मध्ये जोडा, दारं लॉक करा आणि अर्धा तास थांबा, कारण गाडीचे कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात. ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त दिसलं तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडेल, चोर त्या सर्किटवर. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज तत्क्षणी उडेल, नाहीतर मीटरच जळेल.